नववीत सुटलेली शाळा

मुक्ता : मावशी, आमच्या सोसायटीत कामाला येणारी एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. नववीत शाळा सुटली. तिला आता दहावी करता येईल का गं?

मावशी : येईल की! राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा. वयाची १४ वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास असली, की खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. प्रमाणपत्र त्याच मंडळाचं.

मुक्ता : इतकं सोपं? मग लोक का करत नाहीत?

मावशी : त्या फॉर्मपर्यंत पोचणंच अवघड. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. बिऱ्हाड चारदा हललेलं असतं, दाखला कुठं गेला कुणालाच ठाऊक नसतं. जुन्या शाळेतून दुसरी प्रत आणायला गावी जायचं, तर मजुरी बुडते. तिची शेवटची शाळा कुठल्या गावची, हे आधी विचार.

मुक्ता : ती म्हणते, माझंच अभ्यासात लक्ष नव्हतं.

मावशी : पुष्कळ मुली असंच सांगतात, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये, पण तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच. कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा त्याआधीच संपते. पुढचं हायस्कूल लांब, एसटीचा भरवसा नाही आणि मुलगी वयात आलेली. बीडकडची ऊसतोड मजूर जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलीला सोबत नेलं तर शाळा बुडते. मागे ठेवलं तर आईबापाच्या जिवाला घोर. मग लग्न उरकून टाकतात. यात त्या पोरीच्या लक्षाचा प्रश्न येतोच कुठं?

मुक्ता : पण दिवसभर धुणीभांडी करून ती अभ्यास कधी करणार?

मावशी : म्हणून तर रात्रशाळा हव्यात. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. ही गरज त्यांना तेव्हा कळली होती. मुंबईत आजही रात्रशाळा भरतात. २००८ पासून ‘मासूम’ ही संस्था त्यांच्यासोबत काम करते. पुस्तकं आणि प्रयोगाचं साहित्य पुरवतेच, पण मुलांच्या खाण्याचंही बघते. कामावरून थेट वर्गात आलेल्या मुलाला उपाशीपोटी बीजगणित कसं शिकवणार?

मुक्ता : तिला गणिताचीच धास्ती आहे.

मावशी : मग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग बघ. तिथं पाच विषय पुरतात आणि गणित सक्तीचं नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. पण गणित टाळण्याआधी पुढं काय करायचंय ते ठरवा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं असेल तर दहावीला गणित-विज्ञान लागतंच.

मुक्ता : दहावी झाली म्हणजे गरिबी हटते का?

मावशी : एका कागदानं नाही हटत. तसं आश्वासन तिला देऊही नकोस. पण तो कागद नसला की बरीच दारं बंद राहतात. आयटीआयचे बहुतेक ट्रेड दहावीवर. पासपोर्टचंच घे, दहावी पास माणसाला आखातात नोकरीला जाताना सरकारी इमिग्रेशन तपासणीची मंजुरी घ्यावी लागत नाही. तिथं जाणाऱ्या मजुराला हा फरक चांगला कळतो. म्हणून दहावीचा फॉर्म भरतानाच पुढच्या दोन वर्षांचं बोलून घ्यावं. नाहीतर निकालाचे पेढे वाटून पोर पुन्हा त्याच कामाला लागते.

मुक्ता : तिची फी आम्ही चार घरं मिळून भरू.

मावशी : भरा, पण तेवढ्यानं भागणार नाही. फी कधीतरी लागते, वेळ रोज लागतो. संध्याकाळी सहानंतर तिला कुणी काम सांगायचं नाही आणि परीक्षेच्या महिन्यात पगार न कापता सुट्टी द्यायची, एवढं त्या चारही घरांकडून कबूल करून घे. दाखला काढायला तिच्यासोबत तूही जा. फॉर्मची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं, त्यामुळे आजच तिच्याशी बोल.