ऑनलाइन दुकानाच्या पत्त्यात कोणते शब्द घालायचे?



गेल्या महिन्यात पापड-कुरडया करणाऱ्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. सचिव ताईंनी रजिस्टरमधून एक कागद काढून पुढे ठेवला. वेबसाइट बनवून देणाऱ्या एकाने कोटेशन दिलं होतं. वेबसाइटचे पैसे वेगळे आणि ‘पत्त्यात कीवर्ड घालून गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी’ याचे 12,000 रुपये वेगळे. ताई म्हणाल्या, “मॅडम, आम्ही दहा जणी महिन्याला शंभर टाकतो. म्हणजे ही आमची वर्षाची बचत झाली. द्यायचे का?”

आपले बरेच गट आता ऑनलाइन विक्रीकडे वळताहेत. त्यामुळे हा प्रश्न उद्या तुमच्याही बैठकीत येईल. म्हणून या वेळचा धडा त्यावरच.

पत्ता म्हणजे काय?

वेबसाइट उघडताना मोबाइलवर सगळ्यात वर जी ओळ दिसते, तो पत्ता. त्याचे दोन भाग असतात. समजा, तुमच्या गटाचं नाव सावली आहे. मग पत्ता असा होईल:

सावलीगट डॉट इन / नाचणी-पापड

(प्रत्यक्षात हा बहुधा इंग्रजी अक्षरांत असतो. इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत लिहिलाय.)

तिरप्या रेघेच्या आधीचा भाग म्हणजे दुकानाचं नाव. त्याला डोमेन म्हणतात. ते कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी मिळतं आणि मुदत संपायच्या आत पैसे भरून पुढे चालू ठेवावं लागतं. रेघेच्या पुढचा भाग म्हणजे दुकानातला डबा. डब्यावर ‘नाचणी-पापड’ लिहिलेलं असलं तर आत काय आहे ते न उघडता कळतं. ‘पान-47’ लिहिलेलं असलं तर उघडूनच बघावं लागतं.

गिऱ्हाईक गुगलवर जे शब्द टाइप करतं किंवा बोलतं, ते कीवर्ड. ते पत्त्यात घालायचे, एवढंच त्या 12,000 रुपयांचं काम होतं.

फायदा किती होतो?

थोडा होतो, फार नाही. पत्त्यात माणसाला समजतील असे शब्द ठेवा, असं गुगल स्वतःच सांगतं. पण त्या शब्दांमुळे वेबसाइट वर चढते असं नाही, हेही तेच सांगतं. पूर्वी लोक ‘स्वस्त-अमुक-तमुक’ असे पत्ते घ्यायचे आणि आत धड काहीच नसायचं. 2012 मध्ये गुगलने बदल केला. नुसता पत्ता जुळतो म्हणून अशा निकृष्ट वेबसाइट वर येणं त्यामुळे कमी झालं.

दुसरी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जाहिरात सोडली, तर शोधात वर दाखवण्यासाठी गुगल कुणाकडून पैसे घेत नाही. पहिल्या पानाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. जो देतो, त्याला दारातूनच नमस्कार करा.

मग चांगला पत्ता कशाला हवा? माणसासाठी. व्हॉट्सॲपवर अनोळखी लिंक आली की आपणही दचकतो. पण लिंकमध्ये गटाचं नाव आणि ‘नाचणी-पापड’ वाचता आलं, तर समोरची बाई विश्वासाने उघडते.

पत्ता ठरवताना

1. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द घ्या. आपण नाचणी म्हणतो, नाशिककडे नागली म्हणतात, हिंदी बोलणारे रागी म्हणतात. माल जास्त कुठे जातो ते बघून एकच शब्द पत्त्यात ठेवा. बाकीचे शब्द पानावरच्या मथळ्यात आणि माहितीत येऊ द्या.

2. दोन ते चार शब्द पुरेत. ‘उत्तम-स्वस्त-घरगुती-शुद्ध-नाचणी-पापड-ऑनलाइन’ अशी आगगाडी नको. शब्दांच्या मधे साधी आडवी रेघ द्या, खाली काढायची रेघ नको.

3. मराठी अक्षरांतला पत्ताही चालतो. 2014 पासून ‘डॉट भारत’ हे डोमेन देवनागरीत मिळतं. पण एक अडचण आहे. मराठी पत्ता कॉपी करून पाठवला की पुष्कळदा त्याचे टक्क्यांची चिन्हं आणि आकडे-अक्षरं होतात. नुसत्या ‘पापड’ या शब्दाची 36 चिन्हं होतात. ते कुणालाच वाचता येत नाही. म्हणून पत्ता सोप्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि पानावरचा मजकूर मराठीत, हे सोयीचं.

4. किंमत, वर्ष, सण पत्त्यात घालू नका. दिवाळी संपते, पत्ता राहतो.

5. जे आपलं नाही ते नाव घालू नका. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. आपली हळद तिथली नसेल, तर शोधात सापडावं म्हणून पत्त्यात ‘वायगाव’ घालणं ही फसवणूक आहे आणि ती कायद्यातही अडकवते.

माझी चूक

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले आहे. मसाला करणाऱ्या एका गटाच्या पानाचा पत्ता मला ‘चांगला’ वाटला नाही, म्हणून मी तो बदलायला लावला. गटाने पाकिटांवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड आधीच छापून घेतला होता. गिऱ्हाईक स्कॅन करायचं आणि ‘पान सापडले नाही’ असं यायचं. ऑर्डर का थांबल्या, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. ताई मला रागावल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं.

बनवणाऱ्याला ‘जुना पत्ता नव्यावर कायमचा वळवून द्या’ एवढं सांगितलं असतं, तर हे टळलं असतं. याला रीडायरेक्ट म्हणतात. म्हणून पत्ता आधी ठरवा, मग लेबल छापा. बदलावाच लागला, तर जुना पत्ता वळवून घ्या आणि जुनी पाकिटं बाजारात आहेत तोवर तो बंद पडू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं

डोमेन गटाच्या नावावर घ्या, बनवणाऱ्याच्या नावावर नको. नोंदणीत ईमेल गटाचा आणि मोबाइल नंबर पदाधिकाऱ्याचा असावा. नाहीतर उद्या त्याच्याशी बिनसलं, की वर्षानुवर्षं कमावलेलं नाव त्याच्या हातात. मुदत संपण्याची तारीख बँक पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत करून बघा

• एकीने मोबाइलवर गुगल उघडून आपल्या मालाचं नाव टाइप करावं, पण शोध दाबू नये. खाली जे शब्द आपोआप येतात, ते लोक शोधतात त्यातलेच असतात. ते वहीत उतरवा.
• व्हॉट्सॲपवरच्या शेवटच्या दहा ऑर्डर वाचा. गिऱ्हाइकाने मालाला काय म्हटलंय?
• त्यातून पत्ता ठरवा आणि फोनवरून दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला सांगा. तिने एकदा ऐकून बरोबर लिहिला, तर पत्ता चांगला.

त्या गटाने काय केलं? 12,000 रुपयांना नाही म्हणाल्या आणि तसा ठराव लिहिला. पत्ता त्यांनी स्वतः ठरवला, एका बैठकीत, चहा होईपर्यंत. तुमच्या गटाने ठरवलेला पत्ता मला कळवा. छापायच्या आधी आपण मिळून एकदा तपासू.

तुमची क्षेत्र समन्वयक