नळीची माशी
(सॅमन माशासाठीं ट्यूब-फ्लाय बांधण्याचा पहिला पाठ)

गेल्या पावसाळ्यांत, स्कॉटलंडांतील ॲबरडीन शहरीं नोकरीस असलेल्या आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें मजकडे एक लहानसें पुडकें पाठविलें. त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढी एक नळी होती. तिजवर काळें रेशीम गुंडाळलें असून त्यावर सोनेरी जरीचे वेढे होते, व एका टोंकाशीं पिवळ्या, नारिंगी आणि काळ्या केसांचा झुबका बांधलेला होता. ती वस्तु मीं वर्गांत टेबलावर ठेविली व सांगितलें कीं, ही सॅमन मासा धरण्याची कृत्रिम माशी होय. तेव्हां पहिल्या बांकावरील एका मुलीनें विचारिलें, "सर, मग हिला गळ कोठें आहे?"

विद्यार्थिमित्रहो, या मुलीच्या प्रश्नांत आजचा सर्व पाठ सांठविलेला आहे. या माशीला गळ नाहीं, हेंच तिचें वैशिष्ट्य. आणि गळ माशीपासून वेगळा कां केला हें ज्यास समजलें, त्यास ती कशी बांधावी हें समजण्यास वेळ लागत नाहीं.

प्रथम त्या माशाविषयीं दोन शब्द. आपल्याकडील बाजारांत रावसास कित्येक जण 'इंडियन सॅमन' म्हणतात. परंतु रावस निराळ्या कुळांतला आहे. खरा अटलांटिक सॅमन नदीच्या तळच्या खडींत अंड्यांतून बाहेर पडतो, कांहीं वर्षें गोड्या पाण्यांत वाढतो, आणि मग समुद्राची वाट धरितो. स्कॉटलंडचे कित्येक सॅमन थेट ग्रीनलंडच्या समुद्रापर्यंत चरावयास जातात. तेथें एक-दोन हिंवाळे काढून पुष्ट झालेला मासा बहुधा आपल्या जन्माच्याच नदींत परत येतो. नदीजवळ आल्यावर तिच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवितो. नदींत शिरल्यावर मात्र तो अन्न घेत नाहीं. अंगांतील चरबीवर तो महिनेच्या महिने काढितो व हिंवाळ्याच्या तोंडीं अंडीं घालण्याचें कार्य पुरें करितो. ज्याला भूक नाहीं त्यास आमिष काय दाखवावें? म्हणूनच सॅमनची माशी ही कोणत्याही किड्याची हुबेहूब नक्कल नसते. रंग, चकाकी व हालचाल यांनीं त्याला चिथविणें, एवढेंच तिचें काम.

एकोणिसाव्या शतकांत या चिथावणीसाठीं इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडांतील कारागिरांनीं जगभरचे पक्षी धुंडाळले. एकेका गळावर नाना पक्ष्यांचीं रंगीबेरंगी पिसें बसविण्यांत येत. त्यांत आपल्या सह्याद्रीचाही वांटा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. आपल्या रानांतील राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबांसारखे चकाकणारे ठिपके असलेलीं पिसें असतात. तीं सॅमनच्या माशीस डोळ्यांप्रमाणें लावीत. हल्लीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या पक्ष्यास आपल्या देशांत संरक्षण आहे, व तिकडील कारागीर पाळलेल्या पक्ष्यांचीं किंवा कृत्रिम पिसें वापरतात.

या देखण्या माशींत एक दोष होता. मोठी माशी हवी तर लांब दांड्याचा गळ हवा. आणि लांब दांडा ही एक तरफच होय. मासा डोकें झटकूं लागला म्हणजे तो लांब दांडा तरफेप्रमाणें काम करून गळाचें टोंक उचकटून काढी. पदार्थविज्ञानाच्या तासास तुम्ही शिकलांच आहां कीं, तरफेची भुजा जितकी लांब तितकें थोडें बळ पुरतें. शिवाय माशाच्या दातांनीं पिसें कुरतडलीं जात, आणि गळाचें टोंक मोडलें कीं तासन् तास खपून बांधलेली सबंध माशी निरुपयोगी होई.

यावरील तोड १९४५ च्या सुमारास ॲबरडीन येथेंच निघाली. प्लेफेअर नांवाच्या पेढींत माशा बांधणाऱ्या मोराव्स्की नांवाच्या बाईंनीं टर्की पक्ष्याच्या पिसाचा पोकळ देंठ घेऊन त्यावर केस बांधिले व त्यांतून दोरा ओंवून टोंकास आंखूड गळ लाविला, असें मानितात. पुढें पिसाच्या देंठाच्या जागीं प्लास्टिकच्या व धातूच्या नळ्या आल्या. गळ आंखूड, म्हणून तरफेची भुजा आंखूड. मासा लागतांच नळी दोऱ्यावरून वर सरकते, म्हणून माशी दातांपासून वांचते. आणि गळ मोडला तर तेवढाच बदलावयाचा. एक विभक्तीकरण आणि तीन लाभ! चौथा व सर्वांत मोठा लाभ शेवटीं सांगेन.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. नवशिक्यानें 'विली गन' या प्रसिद्ध नमुन्यापासून आरंभ करावा. स्कॉटलंडच्या उत्तरेस सदरलंड जहागिरींतील एका रखवालदाराच्या नांवावरून हें नांव पडलें. मला आलेली माशी याच नमुन्याची होती.

साहित्य : सुमारें ४ सें.मी. लांबीची बारीक प्लास्टिक नळी, तिच्या पोकळींत घट्ट बसेल अशी जाड सुई, सुई धरण्यासाठीं लहान व्हाइस, काळा बळकट बारीक दोरा, काळें रेशीम, सोनेरी जर, पिवळ्या, नारिंगी व काळ्या रंगाचे लांब केस, कात्री, पारदर्शक रोगण, आणि गळाची मान धरून ठेवण्यासाठीं सिलिकॉनच्या मऊ नळीचा लहान तुकडा. तिकडे हरणाच्या शेपटीचे रंगविलेले केस घेतात. मीं सरावासाठीं बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या कांडीचा तुकडा व बकरीचे केस घेतले. त्यांनींही काम भागलें.

कृति : (१) सुई व्हाइसमध्यें आडवी पक्की धरा व नळी तिजवर घट्ट सरकवा. नळी सैल असेल तर सुईवर दोऱ्याचे चार वेढे घ्या. नळी गरगर फिरूं लागली तर पुढील सर्व श्रम फुकट जातात.

(२) नळीच्या पुढच्या टोंकापासून दोन मि.मी. जागा सोडून दोरा गुंडाळण्यास आरंभ करा व मागें जा. मागच्या टोंकाशीं पांच-सहा मि.मी. नळी उघडी ठेवा. तेथें सिलिकॉनचा तुकडा चढवावयाचा आहे.

(३) तेथें जर व रेशीम बांधून दोरा पुढें आणा. रेशीम सपाट, एकापुढें एक वेढा देत, पुढच्या टोंकापासून पांच मि.मी. अंतरापर्यंत आणा व बांधा. मग त्यावर उलट दिशेनें जरीचे पांच समान अंतराचे वेढे द्या. उलट दिशेनें दिल्यानें जर रेशमाच्या वेढ्यांत रुतून दिसेनाशी होत नाहीं, व रेशीमही आंवळून राहतें.

(४) तिन्ही रंगांचे केस समभाग घेऊन बोटांनीं मिसळा. बुडाशीं असलेली मऊ लव व आंखूड केस काढून टाका. या मिश्रणाचे आगकाडीहून बारीक असे चार झुबके करा. एक झुबका वरच्या बाजूस ठेवून तीन घट्ट वेढ्यांनीं बांधा, नळी पाव फेरा फिरवा, दुसरा बांधा, याप्रमाणें चारी बाजू भरा. केसांचीं टोंकें नळीच्या मागें, गळाच्या वांकाच्या किंचित् पलीकडे जावींत.

(५) पुढें उरलेलीं केसांचीं बुडखें तिरपीं कापा, त्यांवर रोगणाचा एक थेंब सोडा, आणि दोऱ्यानें तीं झांकून निमुळतें डोकें तयार करा. चार-पांच अर्ध्या गांठी मारून दोरा कापा व रोगणाचे दोन हात द्या. पहिला हात वाळल्यावांचून दुसरा देऊं नये.

(६) माशी सुईवरून काढून नळीच्या भोंकांत रोगण शिरलें नाहीं ना हें पाहा. मागें सिलिकॉनचा तुकडा चढवा. मासेमारीचा दोरा पुढून ओंवून मागें काढा, त्यास गळ बांधा, आणि गळाची मान त्या तुकड्यांत ओढून बसवा. माशी तयार झाली.

येथें मला स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. माझी पहिली माशी दिसण्यांत फार भरदार झाली. ती बादलीभर पाण्यांत दोऱ्यानें ओढून पाहिली, तों केस भिजून एक गोळा झाला, आणि दुसऱ्या ओढीस निम्मे केस हातांत आले! मीं दोन चुका केल्या होत्या. केस चौपट घेतले होते, म्हणून पाणी त्यांतून वाहीना; आणि डोक्यासाठीं जागा सोडली नव्हती, म्हणून दोरा केसांवर घट्ट बसला नव्हता. दुसऱ्या खेपेस केस निम्म्याहून कमी घेतले; तेव्हां ते पाण्यांत श्वास घेतल्याप्रमाणें हालूं लागले. नवशिक्याचा हात नेहमीं अधिकाकडे ओढतो. निबंध लिहितांनाही आपण हेंच करितों, नाहीं काय?

नळी कशाची घ्यावी हें पाण्यावर अवलंबून असतें. पाण्याच्या मानानें ॲल्युमिनियम सुमारें २.७ पट, पितळ सुमारें ८.५ पट व तांबें सुमारें ८.९ पट जड असतें. वसंताच्या आरंभीं नद्या थंड व भरलेल्या असतात आणि मासा तळाशीं राहतो. तेव्हां पितळेची किंवा तांब्याची मोठी माशी खोल नेतात. पाणी सुमारें १० अंश सेल्सियसच्या वर ऊन झालें म्हणजे मासा वर येण्यास राजी होतो. तेव्हां प्लास्टिकची लहान व हलकी माशी पुरते. धातूची नळी घेतांना तिच्या आंत प्लास्टिकचें अस्तर असावें. नाहीं तर धातूची धार दोरा कापते.

आतां तो राहिलेला चौथा लाभ. अटलांटिक सॅमनची संख्या घटत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें डिसेंबर २०२३ मध्यें त्यास संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत घातलें, व २००६ ते २०२० या काळांत त्याची जगांतील संख्या २३ टक्क्यांनीं घटली असें नमूद केलें. ग्रेट ब्रिटनमधील सॅमनची स्थिति तर याहूनही बिकट ठरली. म्हणून हल्लीं स्कॉटलंडांत गळानें धरलेल्या सॅमनपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक मासे जिवंत परत सोडण्यांत येतात. पूर्वीं नळीच्या माशीस तीन तोंडांचा गळ लावीत. तो माशाच्या जबड्यांतून काढण्यास वेळ लागतो व जखमाही अधिक होतात. आतां त्याऐवजीं उलट काटा नसलेला एकेरी गळ लावितात. तो क्षणांत निघतो. यासाठीं माशींतील एकही केस बदलावा लागत नाहीं. हात ओले करावे, मासा पाण्यांतच ठेवावा, गळ काढावा, आणि तो प्रवाहाकडे तोंड करून सांवरेपर्यंत त्यास धरून सोडून द्यावें. ग्रीनलंडापासून परत आलेल्या त्या प्रवाशाचा अखेरचा टप्पा अजून राहिलेला असतो.

१९४५ च्या सुमारास ज्या बाईंनीं पिसाच्या देंठांतून दोरा ओंवला, त्यांच्यापुढें मासा निसटूं नये हा प्रश्न होता. त्यांच्याच युक्तीनें आज मासा सुखरूप सुटतो.

ती माशी विज्ञानखोलीच्या कपाटांत ठेविली आहे. ज्यांस बांधून पाहावयाची असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. पालकांसही आग्रहाचें निमंत्रण आहे. घरीं शिवणाचें काम करणाऱ्या आयांचे हात या कामीं मुलांहून लवकर बसतील, असा माझा अंदाज आहे. सरावासाठीं गळाची गरज नाहीं. सुई, दोरा, जुन्या पेनाची कांडी आणि थोडा धीर एवढें बरोबर आणावें. कात्री मी देईन.