परदेशी आकाशात देशी परवाना

महाडहून भोरकडे जाणारी एस.टी. वरंध गाव सोडून घाट चढू लागली, की कानांत दडे बसतात. एकदा मी निर्द्रव वायुभारमापक मांडीवर घेऊन हा घाट चढलो. गाडी वर जाईल तसतसा काटा मागे सरकत होता. कोकणच्या पातळीला दर 28 फूट, म्हणजे सुमारे साडेआठ मीटर चढले की हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने कमी होतो. याच मापकाच्या तबकडीवर दाबाऐवजी फूट लिहिले, की झाला विमानातला उंचीमापक!

शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, भारतात काढलेला वैमानिकाचा परवाना परदेशात चालतो का?"

याचे उत्तर 1944 च्या शिकागो करारात आहे. तुम्ही कोणत्या देशावरून उडता एवढेच पाहून भागत नाही. विमान कोणत्या देशात नोंदलेले आहे, हे आधी पाहावे लागते. रायगडच्या मोटारीवर जसे 'एमएच 06', तसे भारतीय विमानावर 'व्हीटी' आणि अमेरिकी विमानावर 'एन' असते. वैमानिकाचा परवाना विमानाच्या नोंदणीच्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. म्हणून अमेरिकेत 'एन' विमान भाड्याने घ्यायचे, तर तेथील विमान वाहतूक खाते भारतीय परवान्याची खातरजमा करून त्याच्या आधारे आपला परवाना देते. मूळ परवाना रद्द झाला, की हाही निरुपयोगी!

मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे 2019 मध्ये भारतात नोंदलेले 'साइनस 912' हे एकइंजिनी हलके विमान स्कॉटलंडमधील विकहून आइसलँड व ग्रीनलंडमार्गे कॅनडातील इकालुइटला एकटीने नेले. 'लाइट स्पोर्ट' वर्गातील विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या पहिल्या महिला. या वाटेवर देश बदलतात, तशी दाबाची एककेही बदलतात. ग्रीनलंडपर्यंत दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, तर कॅनडात व अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत!

यात धोका कसला? हवामानाप्रमाणे दाब रोज बदलतो. म्हणून वैमानिक नियंत्रकाला विचारून त्या दिवसाचा दाब उंचीमापकावर लावतो. समजा, अमेरिकेत शिकलेला वैमानिक ब्रिटनमध्ये उतरत आहे. नियंत्रक सांगतो, "नऊ नऊ दोन." म्हणजे 992 हेक्टोपास्कल. वैमानिकाच्या कानाला सवय 29.92 इंचांची, तो तेच लावतो. पण 29.92 इंच म्हणजे 1013 हेक्टोपास्कल. फरक 21 चा.

21 × 28 = 588 फूट

यंत्र 1000 फूट दाखवत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे 400 फुटांवरच असते. ढगात ही चूक झाली आणि पुढे वरंधसारखा डोंगर असला तर? म्हणूनच ब्रिटनमध्ये दाब 1000 हून कमी असला, की नियंत्रकाने 'हेक्टोपास्कल' हा शब्द उच्चारलाच पाहिजे, असा नियम आहे. वैमानिकानेही ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा असतो.

परवान्याची मान्यता कागदावर मिळते. नव्या देशाची मापे मात्र वैमानिकाला स्वतःच अंगवळणी पाडावी लागतात. विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, एकक लिहिले नाही तर तुम्ही अर्धा गुण कापता, ते आता पटले."

करून पाहा : 1 इंच पारा = 33.86 हेक्टोपास्कल. कॅनडात नियंत्रकाने 29.47 इंच सांगितले, तर ते किती हेक्टोपास्कल? वैमानिकाने चुकून 29.92 लावले, तर यंत्र किती फूट जास्त दाखवील?