फवारणीच्या काळात मेंदूची काळजी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी पीक उंच वाढल्याने फवारा अंगावर येत होता.

प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेवर परिणाम करतात. मेंदू व नसांतील संदेश वेळीच थांबविणारे विकर त्यामुळे निकामी होते. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, स्नायू थरथरतात, श्वास अडतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे विष अंगात गेल्यास स्मरणशक्ती व एकाग्रता कमी होऊ शकते. यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यावरच फवारणी करावी. मनाने दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत.

२) सकाळी किंवा सायंकाळी, वाऱ्याच्या दिशेने फवारावे. हातमोजे, चष्मा, मास्क व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

३) काम चालू असताना खर्रा, विडी टाळावी. नोझल तोंडाने फुंकू नये.

४) त्रास जाणवताच काम थांबवावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.

हंगाम संपल्यावरही मेंदूची निगा राखावी. चाळिशीनंतर रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, तंबाखू सोडावी, पुरेशी झोप घ्यावी, वाचन चालू ठेवावे. पंप बिघडला तर नवा आणता येतो; मेंदूचे तसे नाही.