चढावर गाडी कशी उचलावी?

खामगावाहून बुलढाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागतो. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. वळणे आहेत, चढ आहे. पुढची गाडी थांबली, की आपल्यालाही चढावरच थांबावे लागते. पुन्हा निघताना गाडी मागे सरकली आणि मागे मोटारसायकलवाला असला, तर? त्याच्या जिवावरच बेतायचे!

गाडी मागे का सरकते? चढावर तिचे वजनच तिला खाली ओढते. पेडल तीन आणि आपले पाय दोन. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेताना गाडीला धरणारे कोणी उरत नाही. अशा वेळी हँडब्रेक हाच आपला तिसरा पाय, बरं का!

आता क्रम पाहू.

१. पाय ब्रेकवर ठेवूनच हँडब्रेक पुरता ओढा.
२. क्लच दाबून पहिला गिअर टाका.
३. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर न्या. थोडी रेस द्या.
४. क्लच हळूहळू वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड होईल. गाडी पुढे ओढ घेईल. म्हणजे क्लचने पकड घेतली. डावा पाय तिथेच थांबवा.
५. मागे-पुढे पाहा. हँडब्रेक सोडा, रेस वाढवा. गाडी निघाली, की क्लच सावकाश सोडा.

क्लचने पकड घेण्याआधी हँडब्रेक सोडला, तर गाडी मागे गेलीच म्हणून समजा! इंजिन बंद पडले, तर घाबरायचं नाही. आधी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, आणि पुन्हा पहिल्यापासून. मागचे हॉर्न वाजवतात म्हणून घाई करू नये. अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभेही राहू नये. क्लचप्लेट जळते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे लायसनच्या परीक्षेत हे करून दाखवावे लागते. गाडी चढावर थांबवायची आणि मागे न सरकता पुन्हा न्यायची. रस्त्याचा आणखी एक नियम आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणे किती कठीण, हे आता आपल्याला कळलेच आहे.

चढावर पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नये. चाकामागे दगड लावला असेल, तर निघाल्यावर तो कोणाकडून तरी उचलून कडेला टाकावा. आपली गाडी निघाली, पण मागच्याचा जीव दगडावर जायला नको.

प्रश्न
१. हँडब्रेक केव्हा सोडावा?
२. इंजिन बंद पडले, तर आधी काय करावे?
३. अरुंद घाटात कोणी थांबावे? का?