पेन्सिलच्या फुल्या

गृहकर्जाची फाईल सहीला येते तेव्हा तिच्या पानापानावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात. कर्जदाराला सहीची जागा शोधत बसावं लागू नये, म्हणून बँकेतला किंवा एजंटकडचा मुलगा त्या आधीच मारून ठेवतो. हेतू चांगलाच असतो. पण पिंपरी-चिंचवड परिसरात कर्जाच्या फायली करून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या फुल्यांनी घातलेला घोळ मी जितका निस्तरला तितका दुसरा कुठलाच नाही. माणूस फुली बघतो, वरचा मजकूर बघत नाही.

चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण, त्याची बायको आणि आई. मोशीतला फ्लॅट तिघांच्या नावावर. घरावर ज्यांची नावं, त्या सगळ्यांना बँक सहसा सहकर्जदार करून घेते, म्हणून सह्याही तिघांच्या. फाईल दुसऱ्याच कुणीतरी केली होती, माझ्याकडे आली ती बिनसल्यावर. संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला पुढचं घर गाठायची घाई होती. "काकू, इथे... आता खाली... आता पान उलटा." काकूंची सही मराठीत, एकेक अक्षर जोडत केलेली. निम्मी पानं होईतो हात भरून आला. सून म्हणाली, "आई, तुम्ही टेका जरा, उरलेल्या मी करते." आणि तिने सासूबाईंची सही जमेल तशी वठवली. मनात काळंबेरं काही नव्हतं, सासूची दया आली इतकंच. पण बँकेच्या लेखी ती बनावट सहीच. छाननीत दोन प्रकारच्या वेलांट्या दिसल्या आणि फाईल परत आली. नवा स्टॅम्प, नवा करारनामा, पहिल्यापासून सगळ्या सह्या. तोवर बिल्डरच्या मागणीपत्राची मुदत टळली. महाराष्ट्रात रेराच्या नियमांप्रमाणे थकलेल्या रकमेवर स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याज द्यावं लागतं. तेही भरावं लागलं.

घरात थरथरत्या हाताचं किंवा सावकाश सही करणारं माणूस असेल, तर सह्या दोन बैठकांत घ्या. मध्ये चहा होऊ द्या. सही येतच नसेल तर अंगठा चालतो, त्यासाठी साक्षीदार लागतात आणि त्याची पद्धत बँक सांगते. सराव करायचा तर जुन्या वर्तमानपत्रावर करा. कोऱ्या कागदावर केलेल्या सह्या घरात पडून राहणं बरं नाही.

सही नेमकी कुठली, हे पहिलं पान उलटण्याआधी ठरवा. पॅनकार्डावर कॉलेजातली लफ्फेदार सही, खात्यात वेगळी आणि अर्जावर तिसरीच, असं फार जणांचं असतं. तसं असेल तर आधी खात्याच्या शाखेतून सही पडताळून घ्यावी. हप्ता खात्यातून वळता होण्यासाठी जो नाचचा फॉर्म भरतात, त्यावर तर खात्यातल्या नमुन्यासारखीच सही हवी, नाहीतर तो नामंजूर होतो आणि पहिलाच हप्ता चुकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी पॅन आणि आधारवरची नावं जुळतात का तेही पाहावं आणि विवाहनोंदणीचा दाखला हाताशी ठेवावा.

खाडाखोडीला व्हाइटनर लावू नका. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, वर बरोबर मजकूर आणि शेजारी सगळ्या कर्जदारांची छोटी सही. एकट्या मुलाने केली आणि आईची राहिली, की तेवढ्यासाठी फाईल परत येते. फोटोवरची सही निम्मी फोटोवर, निम्मी कागदावर. झेरॉक्सवर सही करताना तारीख घाला आणि 'फक्त गृहकर्जासाठी' असं बँकेच्या नावासह लिहा, म्हणजे तोच कागद भलत्या कामाला जाणार नाही.

आता रिकाम्या जागा. व्याजदर, मुदत, हप्ता, रक्कम यांच्या जागा मोकळ्या ठेवून "साहेब नंतर भरतील" असं सांगितलं, तर उठून जायचं. माझा यात अपवाद नाही. कोऱ्या धनादेशाचंही तेच. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा धनादेश समोरच्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिल्याचं कायदा गृहीत धरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली बीर सिंग खटल्यात म्हटलं आहे. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर. तारणादाखल धनादेश द्यावाच लागला, तर बँकेचं नाव लिहूनच द्या, क्रमांक टिपून ठेवा आणि पोच घ्या. आणि जामीनदार म्हणून सही करणाऱ्या मेव्हण्याला कुणीतरी सांगा की भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती ओळखीची सही' असं काही नसतं.

चाकणच्या त्या फाईलकडे पुन्हा येते. दुसऱ्या खेपेला मी पानन् पान वाचून दाखवलं, तेव्हा मधोमध आयुर्विम्याचा प्रस्ताव निघाला. एकरकमी हप्ता, आणि तोही कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावर वीस वर्षं व्याज. फुली तिथेही होती. पहिल्या खेपेला तिघांनी बिनतक्रार सह्या केल्या होत्या. विमा वाईट नसतो, पण आपल्याच ठरावीक कंपनीचा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. आम्ही ते कागद बाजूला काढले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. अशी पॉलिसी आधीच गळ्यात पडली असेल, तर ती हाती आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

सगळं वाचणं होत नसेल, तर निदान एक कागद वाचा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्यांचं विवरण द्यावं लागतं. केएफएस म्हणून मागा. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर येतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. शिवाय त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात, तेव्हा "आजच सही करा, उद्या दर बदलेल" याला भुलू नका. सह्या झाल्यावर करारनाम्याची संपूर्ण प्रत घ्या, तो तुमचा हक्क आहे.

फायली घेऊन घरोघरी जाणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. मराठीत सही करणाऱ्या किंवा अंगठा देणाऱ्या कर्जदाराच्या फाईलमध्ये शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मी यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवला व समजावून सांगितला. तिच्याखाली कर्जदाराची नाही, तुमची सही असते. मजकूर खरोखर वाचून दाखवला असेल तरच ती करा.