खेळातील पुरवणी भागांची खरेदी : शरीअतच्या कसोटीवर

व्यवहार हा दीनबाहेरचा विषय नाही. नमाज आणि रोजा यांच्या प्रकरणांबरोबरच फिकहच्या ग्रंथांत ‘किताबुल बुयूअ’, म्हणजे खरेदी-विक्रीचे प्रकरण असते. सावित्रीतून येणारा माल घाटावर पाठविणारी महाडची जुनी पेठ असो की आंबेनळी आणि कशेडी घाटांच्या वाटेवर वसलेले पोलादपूर असो, येथील मुस्लिम कुटुंबे सौदा कसा करावा हे वडीलधाऱ्यांकडून शिकत आली. आज सौद्याची जागा बदलली आहे. आखातात किंवा मुंबईत कमावणाऱ्या वडिलांचे पैसे आईच्या खात्यात येतात, ते खाते तिच्या मोबाइलला जोडलेले असते आणि तोच मोबाइल संध्याकाळी मुलाच्या हाती जातो. म्हणून या नव्या सौद्याचा विचार जुन्या कसोट्यांवर करणे अगत्याचे आहे.

राज्ये उभारण्याचे आणि सैन्ये लढविण्याचे डावपेचांचे खेळ मुलांना प्रिय असतात. मूळ खेळ विकत घेतल्यावर किंवा फुकट मिळाल्यावर त्याचे पुरवणी भाग वेगळे पैसे देऊन उतरवून घ्यावे लागतात; त्यांना डीएलसी म्हणतात. ‘क्रुसेडर किंग्ज’ या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत नकाशावर मुस्लिम राज्ये होती, पण त्यांच्या बाजूने खेळता येत नसे. 2012 मध्ये आलेला ‘सोर्ड ऑफ इस्लाम’ हा भाग विकत घेतल्यावरच ते शक्य झाले. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागाला 2022 मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. त्यात बाबराची मोहीम आहे. ओढ कशाची निर्माण केली जाते, हे यावरून ध्यानात येईल.

खेळ मुळात कसा आहे?

वस्तूचा उपयोगच निषिद्ध असेल तर तिची खरेदीही निषिद्ध ठरते. डावपेचांच्या खेळाला सर्वांत जवळचे जुने उदाहरण बुद्धिबळाचे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मजहबाचे आहेत आणि शाफई मजहबात पैजेविना खेळलेले बुद्धिबळ मकरूह मानले आहे, हराम नव्हे. इतर मजहबांच्या अनेक उलमांनी मात्र त्याला मनाई केली आहे. शाफई उलमांनीही अट घातली : त्यात पैज आली किंवा नमाजची वेळ टळली तर तो खेळ हराम होतो. यावरून कसोटी मिळते. ज्या पुरवणीत जुगार, नग्नता किंवा शिर्कचा गौरव आहे, तिचा प्रश्न येथेच संपतो. ज्यात हे नाही, तिचा विचार पुढे करू.

आपण नेमके काय विकत घेतो?

तांदूळ घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो. येथे हाती काही येत नाही. कंपनी आपल्याला वापराचा परवाना देते. शाफई फुकहांनी कायमस्वरूपी उपयोगाचा हक्कही विक्रीयोग्य मानला आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वाट हे त्याचे ठरलेले उदाहरण. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांचे हक्क ही शरीअतने मान्य केलेली मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. म्हणून अशी खरेदी तत्त्वतः योग्य आहे, आणि त्याच न्यायाने चोरवाटेने उतरवून घेतलेली फुकट प्रत ही दुसऱ्याच्या हक्काची लूट आहे. मात्र परवान्याला मुदत व अटी असतात. त्या वाचून पैसे देणे हे खरेदीदाराचे काम आहे.

मोहोरावरचा सौदा

आंब्याची बाग मोहोरावर असतानाच विकण्याचा व्यवहार कोकणाला ठाऊक आहे. प्रेषित (सल्ल.) यांनी फळ पक्वतेला लागल्याचे दिसेपर्यंत त्याच्या विक्रीस मनाई केली (बुखारी, मुस्लिम). फळ धरलेच नाही, तर भावाचे पैसे कशाबद्दल घेतले, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. सहीह मुस्लिममध्ये ‘गरर’च्या, म्हणजे अनिश्चिततेच्या सौद्यास मनाई आली आहे.

पुढे वर्षभरात निघणाऱ्या पुरवण्यांचे पैसे आगाऊ घेणारा ‘सीझन पास’ या कसोटीवर पाहावा. आगाऊ पैशांचा ‘सलम’ व्यवहार शरीअतमध्ये आहे. पण त्यात मालाचे वर्णन, परिमाण आणि देण्याची मुदत ठरलेली असावी लागते. पुरवणीत काय असेल आणि ती कधी येईल हेच ठाऊक नसेल, तर तो मोहोरावरचा सौदा झाला. तयार झालेली पुरवणी पाहून, वर्णन वाचून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

‘लूट बॉक्स’चा प्रकार याहून गंभीर आहे. पैसे देऊन बंद पेटी उघडायची. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. सूरह अल-माइदा (5:90-91) मध्ये मद्याबरोबर जुगारालाही सैतानी कृत्य म्हटले असून तो वैर पेरतो आणि नमाजपासून रोखतो, असे कारण दिले आहे. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद झाले. एखादी पेटी त्या कायद्याच्या कक्षेत येत नसली, तरी मोमिनासाठी हिशेब तेवढ्यावर संपत नाही.

करार कोणी केला?

सूरह अन-निसा (4:29) परस्परांच्या संमतीने झालेल्या व्यापारालाच मान्यता देते. ही संमती कोणाची? शाफई मजहबात नाबालिग मुलाने केलेली विक्री-खरेदी वैधच होत नाही; हनफी मजहबात समज आलेल्या मुलाचा व्यवहार पालकाच्या अनुमतीवर अवलंबून राहतो. भारतीय करार कायदा, 1872 नुसारही अठरा वर्षांखालील व्यक्ती करारास पात्र नाही. सूरह अन-निसा (4:6) अनाथांची परीक्षा घेत राहण्यास आणि त्यांच्यात समजूतदारपणा दिसल्यावर त्यांची संपत्ती हवाली करण्यास सांगते. म्हणजे वय येणे पुरेसे नाही. व्यवहाराची जाणही यावी लागते.

म्हणून मुलाला पिन सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. मुलाने न विचारता खरेदी केली, तर खरे ते सांगून पैसे परत मागणे रास्त आहे. पण हट्टाला कंटाळून आईने स्वतः पिन घातला असेल, तर तो करार तिचा आहे. नंतर “मुलाकडून चुकून झाले” असे कळवून पैसे मिळविणे हे खोटे होय, आणि त्या खोट्याचा साक्षीदार तोच मुलगा असतो. खरे बोलणाऱ्या आणि दोष न लपविणाऱ्या ग्राहक-विक्रेत्यांच्या सौद्यात बरकत येते, ही प्रेषित (सल्ल.) यांची शिकवण (बुखारी, मुस्लिम) दोन्ही बाजूंना लागू आहे. नियमाने मिळणारी परतीची मुदत मात्र निःसंकोच वापरावी. ‘स्टीम’वर पुरवणी घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि त्यानंतर मूळ खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल, तर ती साधारणपणे परत करता येते.

खर्चाची मर्यादा

हलाल वस्तूवरही उधळपट्टी होऊ शकते. सूरह अल-फुरकान (25:67) उधळेपणा आणि कंजूषपणा यांमधला मार्ग दाखविते. मुलाला काहीच न देणे हा तो मार्ग नव्हे, आणि प्रत्येक नवी पुरवणी घेणे हाही नव्हे. 22 जुलै 2021 रोजी महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. चिखलातून दुकान पुन्हा उभे करणाऱ्याला शंभर रुपयांची किंमत सांगावी लागत नाही. मुलाला मात्र ती सांगावी लागते, आणि ती सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

यासाठी घरात चार नियम पुरेसे आहेत :

1. पिन आणि मोबाइलचे खाते पालकांकडेच राहावे. आपोआप पैसे वळते होण्याची सोय बंद ठेवावी.
2. पुरवणी हवी असल्यास मुलाने त्यात काय आहे आणि किंमत किती, हे वाचून दाखवावे; मागणीनंतर तीन दिवस थांबून निर्णय घ्यावा.
3. नशिबाची पेटी कधीही घेऊ नये, ती कितीही स्वस्त असो.
4. खेळावर जेवढा खर्च होईल, त्याचा काही वाटा मुलाच्याच हाताने सदका म्हणून द्यावा.

कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या संपत्तीविषयी दोन गोष्टी विचारल्या जातील : ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली (तिर्मिजी). पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बाप परदेशात उन्हातान्हात राबतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची तयारी घरात व्हायला हवी. अल्लाह आपल्या कमाईत आणि खर्चात, दोन्हींत बरकत देवो. आमीन.